घुमी म्हणजे टोपी

लोकरताईचं खरं नाव घेणारं गल्लीत आता कुणी उरलं नव्हतं. धाकटा भाऊ होता, पण तो नुसतं ताई म्हणायचा. बाकी सगळ्यांची ती लोकरताई. लोकरीच्या दुकानात दाराशी, उजेडाच्या बाजूला, पाठीशी उशी घेऊन ती बसायची आणि सुया चालायच्या. गिऱ्हाइकाशी बोलताना, मालकिणीशी वाद घालताना, जांभई देतानासुद्धा हात थांबायचे नाहीत. मालकीण म्हणायची, "ही मरतानासुद्धा चार टाके घालून मरेल." लोकरताई म्हणायची, "घालीन ना. पण ते उसवायला तुम्हालाच बसावं लागेल."

त्या गावात थंडी पाहुण्यासारखी यायची नाही, जावयासारखी यायची. आली की मुक्काम ठोकायची आणि सगळ्यांना धावाधाव करायला लावायची. त्यामुळे लोकरताईच्या हाताला काम कमी नव्हतं. शाळेचे स्वेटर, हातमोजे आणि सगळ्यांत जास्त खप त्या टोपीचा, जी डोकं, कान, मान सगळं झाकते आणि तोंडापुरती मोकळी राहते. लोक तिला माकडटोपी म्हणतात. माकडाच्या तोंडाभोवती जशी केसांची झालर असते तशी इथं लोकरीची. त्यात समजायला अवघड काही नाही. एकदा एक मास्तरीणबाई टोपी घ्यायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "परदेशात हिला बालाक्लावा म्हणतात. ते एका बंदराचं नाव आहे. फार पूर्वी तिथं लढाई झाली, सैनिक थंडीने काकडले, आणि पुढं टोपीला त्या गावाचं नाव चिकटलं."

"बघा," लोकरताई म्हणाली, "काकडलं कोण आणि नाव झालं कुणाचं!"

मास्तरीणबाई हसल्या. या टोपीला आपल्या घरी तिसरंच नाव आहे, हे मात्र लोकरताईने सांगितलं नाही. घरातल्या काही गोष्टी घरातच बऱ्या वाटतात.

ते नाव घरात आलं तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची असेल. वडील बर्फाच्या कारखान्यात होते. लोखंडी आकडा अडकवून बर्फाच्या लाद्या ओढायच्या, हे त्यांचं काम. संध्याकाळी कान लालभडक करून घरी यायचे, कोपऱ्यात बसायचे आणि चहा घ्यायचे. बोलायचे एवढं कमी की शेजारच्या बाईला कितीतरी महिने ते मुके वाटले होते. आईने लोकरताईला नुकतं विणायला शिकवलं होतं. तिने हट्टाने वडिलांसाठी टोपी करायला घेतली. कुठं थांबायचं ते कळलं नाही, म्हणून टोपी झाली पिशवीएवढी. वडिलांनी घालून खाली ओढली ती खांद्यांच्याही खाली गेली. तोंडासाठी ठेवलेली फट छातीवर आली. आतून आवाज आला, "अगं, इथं नुसतं घुमतंय! माझंच मला ऐकू येतंय."

आई ओट्यापाशी होती. मागं वळूनही न बघता म्हणाली, "तुम्ही मुळातच घुमे. आता टोपीही घुमी मिळाली. जोडा छान जमला."

वडील आतल्या आत हसले. टोपी हलत होती, त्यावरून कळलं.

त्या दिवसापासून घरात टोपी हा शब्दच राहिला नाही. "घुमी घेतलीत का?" "घुमी वाळली का बघ." "घुमी खाली ओढ, कान उघडे आहेत." धाकटा नंतर झाला, लोकरताईपेक्षा बारा वर्षांनी लहान. त्याच्यासाठी तर जगात टोपीला दुसरं नावच नव्हतं. शाळेत एकदा त्याची टोपी हरवली. "बाई, माझी घुमी हरवली," असं म्हणत तो रडत राहिला, आणि कुठली ताई, कुठली मैत्रीण, असं बाई विचारत राहिल्या. पोरं पोट धरधरून हसली. घरी आल्यावर त्याने तोंड फुगवून विचारलं, "मला खोटे शब्द का शिकवले?"

"खोटे नाहीत रे," आई म्हणाली, "फक्त आपलेच आहेत."

आई गेली, मागोमाग छातीच्या दुखण्याने वडीलही गेले. धाकटा तेव्हा पाचवीत. लोकरताईचं लग्न ठरत आलं होतं. भावाला कुठं ठेवायचं, यावर बोलणी अडली, ती अडलीच. तिने त्याचं दुःख केलं नाही, निदान कुणाला दिसेल असं नाही. तिने विणलं आणि धाकट्याला वाढवलं. तो मोठा होऊन एका बेकरीची गाडी चालवायला लागला. पहाटे जायचा, दुपारी गरम पाव घेऊन यायचा. लोकरताईला वाटलं, चला, आपण पार पडलो.

मग बेकरी बंद पडली. धाकटा घरी बसला. आधी म्हणायचा, आठवड्यात दुसरं काम बघतो. मग म्हणेनासा झाला. दिवसा झोपायला लागला. दोन मित्र यायला लागले, ते उंबऱ्याच्या आत यायचे नाहीत, बाहेरूनच शीळ घालायचे. लोकरताईने विचारलं की म्हणायचा, "आहेत ओळखीचे." पण एका दुपारी आपणहून तिच्यापाशी येऊन बसला. म्हणाला, "ताई, त्या दोघांना गोदामावर रात्रपाळीचं काम मिळतंय, मलाही मिळेल. थंडी फार असते तिथं. तीन घुम्या करशील?"

किती दिवसांनी त्याच्या तोंडून तो शब्द आला होता! लोकरताईने दुकानातली राखाडी लोकर आणून घरी बसून तीन टोप्या केल्या. जाड, दुहेरी विणीच्या. तिसरी संपवली तेव्हा बोटं आखडली होती, तरी तिला बरं वाटलं. पोरगं मार्गाला लागतंय, असं मनाशी म्हणाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दिवेलागणीला, पलीकडच्या रस्त्यावरच्या औषधांच्या दुकानावर दरोडा पडला. तिघं आले, तोंडं झाकलेली. दुकान एका म्हाताऱ्या गृहस्थांचं. सगळे त्यांना औषधवाले आजोबा म्हणत. त्यांनी गल्ला सोडला नाही, तेव्हा एकाने त्यांना ढकललं. आजोबा पडले आणि त्यांचा खुबा मोडला.

ही हकिगत सकाळी मालकिणीनेच सांगितली. दुकान उघडायच्या आधी तिला सगळं कळलेलं असायचं.

"आणि ऐकलंस का, ती घुमी आहे ना, आजोबांच्या दुकानात असते ती? तिला पोलिसांनी चौकीवर नेलंय."

ती म्हणजे तिशीची एक बाई. आजोबांकडे कामाला असायची, चिठ्ठी बघून औषध काढून द्यायची आणि कुणाशी बोलायची नाही. बोलत नाही म्हणून सगळी गल्ली तिला मागून घुमी म्हणायची. लोकरताईला ते ऐकलं की उगीच कानाला खटकायचं. आपल्या घरातली वस्तू दुसऱ्याच्या दारात दिसावी तसं.

"तिला कशाला नेलं?" लोकरताईने विचारलं.

"अगं, आत सामील होती ती! आजोबांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्यांच्यातला एक ओरडला, 'घुमी, खाली ओढ!' शटर खाली ओढ म्हणून. आणि शटर खरंच अर्धं ओढलेलं होतं. आता बोल! वरून भोळी आणि आतून..."

मालकीण पुढं काय काय म्हणाली ते लोकरताईला ऐकू आलं नाही. तिच्या सुया थांबल्या होत्या. 'घुमी, खाली ओढ' असं कुणी म्हटलंच नव्हतं. 'घुमी खाली ओढ' असं म्हटलं होतं. मधे थांबायचं नसतं. हे वाक्य तिने आयुष्यात हजार वेळा ऐकलं होतं, हजार वेळा म्हटलं होतं. कुणाची तरी टोपी वर सरकली असणार, तोंड दिसायला लागलं असणार. माणूस घाबरला की घरचंच बोलतो.

"काय गं, पांढरी का पडलीस?" मालकीण म्हणाली.

"डोकं दुखतंय. घरी जाऊन पडते जरा."

घरी धाकटा पांघरूण डोक्यावर घेऊन झोपला होता. लोकरताईने खिडकी उघडली, पांघरूण ओढून काढलं आणि विचारलं, "तुझी घुमी कुठं आहे?"

तो डोळे चोळत उठला. "कुठली?"

"राखाडी. परवा केलेली."

"असेल कुठंतरी. हरवली."

"तिन्ही हरवल्या?"

तो पुन्हा पांघरूण ओढायला लागला. तिने तिथंच, पलंगाच्या कडेला बसून, मालकिणीने सांगितलेलं सगळं त्याला सांगितलं. ते वाक्य आलं तेव्हा त्याचा चेहरा असा उतरला की पुढं विचारायला काही उरलं नाही. लहानपणी दूध सांडल्यावर तो असाच व्हायचा.

"मी नाही ढकललं त्यांना," तो म्हणाला. "शपथ, ताई. मी मागं होतो. कुणाला लागेल असं ठरलंच नव्हतं."

"दरोडा घालताना काय लागणार नाही असं ठरलं होतं?"

"ताई, हळू बोल."

"ती बाई चौकीत बसलीय तुझ्या पायी."

"सोडतील तिला. तिने काही केलंच नाही तर काय करणार आहेत?" मग तो तिच्या जवळ सरकला, आणि त्याने जे म्हटलं ते लोकरताईला पुढं कधी विसरता आलं नाही. "हा शब्द जगात कुणाला माहीत आहे, ताई? तुला आणि मला. आईबाबा तर गेले. तू गप्प राहिलीस की संपलं."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. लोकरताई त्या दिवशी गप्प राहिली. दुसऱ्या दिवशीही. कामावर गेली, बसली, विणलं. संध्याकाळी बघते तर सगळे टाके चुकलेले. उसवलं आणि पुन्हा तेच. रात्री दोघं एकमेकांकडे न बघता जेवायची. तिला वाटे, खरंच सोडतील. पोलीस काय आंधळे असतात? पण पोलिसांनी त्या बाईचा पिच्छा सोडला नाही. संध्याकाळी घरी पाठवायचे आणि सकाळी पुन्हा बोलवायचे. गल्लीने तर निकाल देऊनच टाकला होता. काहीच बोलत नाही म्हणजे पोटात पाप आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते असं डोळ्यांसमोर चाललं होतं.

मग त्या बाईची आई लोकरीच्या दुकानात आली. वाकलेली, सुती साडीवर जुना कोट चढवलेली. मालकिणीने पाठ फिरवली, म्हणून ती लोकरताईपुढं उभी राहिली. "तुम्ही सगळ्यांना ओळखता," ती म्हणाली. "जरा सांगाल का साहेबांना, की माझी मुलगी तशी नाही? ती लहानपणापासून अशीच आहे हो. जन्मली तेव्हासुद्धा रडली नव्हती, पाठीत मारावं लागलं होतं."

लोकरताई उठली आणि तिच्याबरोबर तिच्या घरी गेली. एकच खोली, पण लख्ख. मुलगी खिडकीपाशी तांदूळ निवडत होती. नुकतीच चौकीवरून आली होती. तिने वर बघितलं आणि पुन्हा ताटात.

"शटर अर्धं कशाला ओढलं होतंस?" लोकरताईने विचारलं.

ताटातून नजर न काढता ती म्हणाली, "आजोबांच्या पाठीला वारं लागत होतं."

"हे सांगितलंस का त्यांना?"

"सांगितलं. ते म्हणाले, मग पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस." तिने एक खडा बाजूला टाकला. "पहिल्या दिवशी कुणी विचारलं नव्हतं. नुसते ओरडत होते."

लोकरताईला ते ताट, ते तांदूळ, ती वाकलेली मान बघवेना. आपले वडील कोपऱ्यात बसलेले तिला आठवले. त्यांनाही कुणी असं ओरडून विचारलं असतं तर ते असेच गप्प बसले असते, आणि लोकांनी त्यांनाही चोर म्हटलं असतं.

घरी येऊन तिने धाकट्याला सांगितलं, "सकाळी मी चौकीवर जाणार आहे. तू माझ्याबरोबर चल. आपणहून गेलास तर थोडं तरी हलकं होईल. मी तुझ्या शेजारी उभी राहीन."

"तू मला देणार?"

"तुला नाही देत. तिला सोडवते."

"एकच झालं ते," तो म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "आई असती तर तिने असं केलं नसतं."

हे मात्र वर्मी बसलं. तिने खूप विचार केला, आईने काय केलं असतं. सकाळी उठली तेव्हा धाकट्याचा पलंग रिकामा होता. खुंटीवरचं जाकीट नव्हतं. लोकरताईने तोंड धुतलं, केस विंचरले, चहा केला आणि तसाच टाकून ती बाहेर पडली.

फौजदार तरुण होते, वागायला वाईट नव्हते. त्यांनी खुर्ची दिली.

"साहेब, घुमी म्हणजे बाई नाही," लोकरताई म्हणाली.

"मग कोण?"

"टोपी."

फौजदारांनी शेजारच्या हवालदाराकडे बघितलं. हवालदार म्हणाला, "बाई, टोपीला आम्ही माकडटोपी म्हणतो. घुमी कुठल्या भाषेत म्हणतात?"

"आमच्या घरात." आणि मग ती सांगत गेली. वडील, बर्फाचा कारखाना, पिशवीएवढी टोपी, आतून आलेला आवाज, आई काय म्हणाली ते. सांगताना तिला हसू आलं. हवालदाराला हसू आवरत नव्हतं. फौजदार मात्र हसत नव्हते. ते पुढं झुकले.

"तुमच्या घरात म्हणजे कोण कोण?"

हाच प्रश्न येणार, हे तिला घरातून निघताना माहीत होतं. तरी तो आला तेव्हा तिने पाणी मागितलं. पाणी पिऊन पेला खाली ठेवला.

"आईवडील नाहीत. मी आहे." तिने पदर खांद्यावर घट्ट ओढला. "आणि धाकटा भाऊ."

फौजदार तसेच दवाखान्यात गेले. औषधवाले आजोबा पाय बांधून पडले होते. चोर ओरडला तेव्हा कुणाकडे बघून ओरडला, असं फौजदारांनी विचारलं. आजोबांनी डोळे मिटले, आठवलं, आणि म्हणाले, "शटरकडे नाही. शेजारच्या माणसाकडे, स्वतःच्या टोपीला हात लावून. त्याने लगेच टोपी खाली ओढली. अरे, मग मी काय सांगून बसलो!" त्या बाईला त्याच दिवशी मोकळं केलं. कुणी तिची माफी मागितली नाही. फक्त उद्यापासून यायला नको म्हणाले.

धाकटा काही दिवसांनी दुसऱ्या गावच्या गाडीतळावर सापडला. त्याच्या मागोमाग ते दोघंही. खटला चालला, शिक्षा झाली. ढकलणारा दुसरा होता हे सिद्ध झालं, म्हणून धाकट्याला कमी.

लोकरताईला वाटलं होतं, गल्ली निदान समजून घेईल. गल्लीने तिला चांगलं म्हटलं, तोंडावर. मागून म्हणायची, "बाई खरी, पण सख्ख्या भावाला दिलं हो." पूर्वी तिच्या दाराशी वाटी घेऊन येणाऱ्या बायका आता दुसऱ्या दाराशी जायच्या. एकटी मालकीण पहिल्यासारखी राहिली. तिने एकदाच म्हटलं, "माझ्याने झालं नसतं," आणि पुढ्यात लोकरीचा नवा गुंडा टाकला. सुटलेली बाईही आभार मानायला आली नाही. आजोबांचं दुकान बंदच झालं होतं. ती आता दवाखान्यात औषधं द्यायला बसत होती, तिथंही गप्पच. तिची आई रस्त्यात भेटली तर थांबायची, काही बोलायला जायची, आणि नुसती हात हातात घेऊन निघून जायची.

आणि तो शब्द. तो तर फुटलाच होता. खटल्यात आला, बातमीत आला, पोरांच्या तोंडी बसला. थंडी सुरू झाली तसा एक माणूस दुकानात आला आणि बिनदिक्कत म्हणाला, "एक घुमी द्या." त्याला टोचून काही म्हणायचं नव्हतं, त्याने कुठंतरी ऐकलं होतं. लोकरताईने टोपी काढून दिली. "आम्ही माकडटोपी म्हणतो," ती म्हणाली. पण पुढचं गिऱ्हाईक तेच म्हणालं, आणि त्याच्या पुढचंही. मग तिने सांगायचं सोडून दिलं.

तुरुंगात भेटीला जायचं तर सकाळीच बस धरावी लागे. बाहेर लांब रांग, मग तपासणी, मग जाळीची खिडकी. पहिल्या खेपेला शिपाई येऊन म्हणाला, "तो येत नाही म्हणतो." दुसऱ्या खेपेला तेच. लोकरताई प्रत्येक वेळी भेटीची वेळ संपेपर्यंत बाकावर बसून राहायची आणि मग परत यायची. शेजारी एक म्हातारी असायची, ती नातवाला भेटायला यायची. ती म्हणाली, "मीच एकदा त्याचे कान उपटले असते तर ही पाळी आली नसती."

कितव्या खेपेला कोण जाणे, तो आला. वाळला होता, दाढी वाढली होती. जाळीपलीकडे उभा राहिला आणि तिच्याकडे न बघता खाली बघत राहिला.

"दाढ दुखतेय," शेवटी तो म्हणाला.

"कुठली?"

"डावी. मागची."

"डॉक्टर आहे ना इथं? सांग त्याला. अंगावर काढू नकोस."

"सांगितलंय. आठवड्याने येणार म्हणतात." मग वर बघून, "तू एकटी बसने येतेस?"

"कोण येणार बरोबर?"

तो जाळीत बोटं अडकवून उभा राहिला. तिने आपली बोटं तिथं नेली, पण मधे जाळी दुहेरी होती, पोचली नाहीत. "मला अजून राग आहे," तो म्हणाला.

"असू दे," लोकरताई म्हणाली. "राग घेऊनच ये. पण बाहेर ये."

शिपायाने वेळ झाल्याचं सांगितलं. धाकटा वळला, दोन पावलं गेला, थांबला. "पुढच्या वेळी रांगेत लवकर उभी राहा," तो पाठमोराच म्हणाला. "उशिरा येणाऱ्यांना पाचच मिनिटं देतात."

पुढच्या महिन्यात तिने पहिली बस धरली. तुरुंगाचं दार उघडलंही नव्हतं, आणि तिच्या आधी ती म्हातारी येऊन उभी होती.